जोडीनं बसायची जागा

१८९३ आणि शिकागो म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं ती सर्वधर्म परिषद भरली, त्याच प्रदर्शनाला त्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडहून एक नवं जोडपंही आलं होतं. जॉर्ज टिल्यू आणि मेरी ओडॉनेल. लग्न नुकतंच झालेलं, मधुचंद्राची सहल. प्रदर्शनात पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण नवरदेवाची नजर खिळली ती जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं उभारलेल्या पोलादी चाकावर. उंची २६४ फूट. चाकाला ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, म्हणजे एका खेपेला दोन हजारांवर माणसं हवेत. पन्नास सेंट मोजायचे आणि वीस मिनिटांत दोन फेऱ्या घ्यायच्या.

आपल्याकडे जत्रेतल्या अशा चाकाला रहाटपाळणा म्हणतात. विहिरीचा रहाट आणि घरातला पाळणा, दोन्ही ओळखीच्या वस्तू. अमेरिकेनं मात्र त्याला बनवणाऱ्याचंच नाव दिलं आणि जगभर ते ‘फेरिस व्हील’ झालं.

टिल्यूला ते चाक घरी न्यायचं होतं. तो बेत जमला नाही. मग त्यानं त्याच्या निम्म्याहून लहान, १२५ फूट व्यासाचं चाक बनवायला टाकलं, कोनी आयलंडला परतला आणि मोकळ्या जागेवर पाटी ठोकली, की जगातलं सर्वांत मोठं फेरिस व्हील इथे उभं राहणार आहे. ते सर्वांत मोठं नव्हतं, पण १८९४ मध्ये फिरू लागलं आणि लोकांनी रांगा लावल्या. मधुचंद्राहून परतताना आणलेल्या या कल्पनेतून पुढे स्टीपलचेस पार्क उभा राहिला, आणि आज ज्याला थीम पार्क म्हणतात त्याच्या घराण्यातला हा एक मूळपुरुष.

करमणुकीच्या बागांचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता पाळणा किती उंच, कोणती गाडी किती वेगवान. कोनी आयलंडची हकिकत नीट पाहिली तर त्या यंत्रांच्या पोटात दुसरीच गोष्ट दिसते. ही यंत्रं दोघांसाठी बनवली होती. शहरात जोडीनं बसायला ज्यांना जागा नव्हती अशा कष्टकरी तरुण-तरुणींसाठी.

त्या काळच्या न्यूयॉर्कची चाळ, म्हणजे तिथलं टेनमेंट, मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. दोन-तीन खोल्यांत आई-बाप, भावंडं, शिवाय एखादा पोटभाडेकरू. दिवसभर शिवणकामाचा कारखाना, रात्री तीच खोली. मुलीची मजुरी बहुधा आईच्या हातात जाई, मग हौसेला पैसा कुठला? म्हणून एक रीत रूढ झाली होती. रविवारी मुलगा मुलीला फिरायला नेई, गाडीभाडं, तिकिटं, खाणं सगळं तोच भागवी. तिकडे याला ‘ट्रीट’ म्हणत. मुलींच्या मजुरीत चार पैसे शिल्लक राहते तर ही रीत पडली नसती, हे लक्षात ठेवायला हवं. त्यामागे प्रेम होतं तसं अवघडलेपणही होतं. घेतलेल्या खर्चाची परतफेड किती आणि कशी, हा प्रश्न प्रत्येक मुलीला स्वतःशी सोडवावा लागे.

अशा जोडप्यांना अटलांटिकच्या काठावरची ही वाळूची पट्टी सापडली. नावात आयलंड असलं तरी आता ते बेट उरलेलं नाही. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला ते जोडलं गेलं आहे. १८८०च्या दशकात तिथे दारूचे गुत्ते, जुगार आणि वेश्यावस्ती जोरात होती. जॉन मॅकेन नावाचा पुढारी सगळ्याला आश्रय देई आणि हप्ते घेई. टिल्यू बापलेकांनी त्याच्या विरोधात उघड साक्ष दिली आणि त्याची झळही सोसली. मॅकेन तुरुंगात गेला तो १८९४ मध्ये. त्याच साली टिल्यूचं चाक फिरू लागलं.

त्याआधी दहा वर्षं, जून १८८४ मध्ये, लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसानं तिथे एक लाकडी रेल्वे बांधली होती. हा मूळचा पायमोज्यांच्या धंद्यातला, वृत्तीनं धार्मिक. तरुण पोरं गुत्त्यांकडे वळतात ती दुसरं काही नाही म्हणून, असं त्याचं मत होतं. पेनसिल्व्हेनियात कोळसा वाहण्यासाठी बांधलेला एक उताराचा लोहमार्ग पुढे प्रवाशांच्या मौजेचा झाला होता, त्याच धर्तीवर त्यानं सहाशे फुटांचा रूळ टाकला. जिना चढून वर जायचं, बाकावर बसायचं, गाडी आपल्या वजनानं खाली-वर होत दुसऱ्या टोकाला पोचायची. तिथे उतरून पुन्हा जिना, मग गाडी दुसऱ्या रुळावर घेऊन परत. वेग तासाला जेमतेम दहा किलोमीटर, सायकलपेक्षाही कमी. भाडं पाच सेंट. पण पोटात गोळा आला की शेजारच्याचा हात धरायला निमित्त मिळायचं. आजच्या रोलर कोस्टरची व्यापारी सुरुवात इथली.

टिल्यूनं हेच ओळखलं आणि त्याचा धंदा केला. कोनी आयलंडच्या मातीत वाढलेला हा माणूस चौदाव्या वर्षीच हुशार निघाला होता. औषधाच्या बाटल्यांत समुद्राचं पाणी आणि सिगारच्या खोक्यांत किनाऱ्याची वाळू भरून त्यानं ती आतल्या प्रांतांतून आलेल्या पाहुण्यांना विकली होती. १८९७ मध्ये त्यानं पंधरा एकरांना कुंपण घालून स्टीपलचेस पार्क सुरू केला. कुंपण घालून प्रवेशाचे पैसे घेण्याची कल्पना दोन वर्षं आधी शेजारीच कॅप्टन पॉल बॉयटननं सी लायन पार्कमध्ये आणली होती. टिल्यूनं तिला जोड दिली ती एकत्रित तिकिटाची. पंचवीस सेंटांत पंचवीस खेळ. एकेक खेळ झाला की तिकिटावर भोक.

मुख्य खेळ होता घोड्यांच्या शर्यतीचा. लोखंडी रुळांवर लाकडी घोडे शेजारी शेजारी उभे असत. सुटले की उतारावरून धावत, मध्ये चढ, मध्ये वळण, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखंच. घोड्याला इंजिन नव्हतं, सगळा जोर उताराचा. त्यामुळे जड घोडा पुढे जाई. एका घोड्यावर दोघं बसू शकत. मुलगी पुढे, मुलगा मागे, आणि पडू नये म्हणून त्याचे हात तिच्या कमरेभोवती. ज्या काळात रस्त्यात हात धरणंही लोकांच्या डोळ्यांवर येई, त्या काळात शेकडो लोकांसमोर ही मिठी बिनबोभाट चालून जात होती. कारण ती शर्यतीची गरज होती! दोघं बसली की वजन वाढे आणि जिंकायची आशाही. त्या घोड्याच्या रचनेत टिल्यूचं सगळं शहाणपण साठवलेलं आहे.

बाकीचे खेळही त्याच जातीचे. आडवं फिरणारं मोठं पिंप, त्यातून चालत जायला लागलं की चार पावलांत तोल जाऊन माणसं एकमेकांच्या अंगावर. गुळगुळीत लाकडी तबकडी, तिच्यावर वीस-पंचवीस जणांनी बसायचं. ती फिरू लागली की कडेची माणसं आधी भिरकावली जात, मधलं जोडपं एकमेकांना घट्ट धरून सर्वांत शेवटी सुटे. यात यंत्र म्हणावं असं फार काही नाही. घसरण, उतार आणि गरगर, एवढ्या भांडवलावर शहराचं सगळं अवघडलेपण उतरवलं जाई.

शर्यत संपल्यावर बाहेर पडायचा रस्ता मात्र सरळ नव्हता. घोड्यावरून उतरलेलं जोडपं अंधाऱ्या बोळातून जाई आणि अचानक दिव्यांच्या झगझगाटात, एका रंगमंचावर येई. समोर प्रेक्षक बसलेले. जमिनीतून हवेचा झोत येऊन मुलीचा घागरा उडे, मुलाची टोपी उडे. विदूषकाच्या वेशातला ठेंगू माणूस मुलाला विजेचा सौम्य झटका देणारी काठी टोचून पळवी. लोक हसून लोटपोट. सुटका झाली की तेच जोडपं प्रेक्षकांत जाऊन बसे आणि मागून येणाऱ्यांना हसे. आजच्या नजरेला यातला बाईच्या लाजेवरचा खेळ खुपतो, आणि खुपायलाच हवा. ठेंगू माणसाच्या शरीराचा केलेला तमाशाही तसाच. मात्र ज्यांना एरवी नाटकाचं तिकीट परवडत नसे ती माणसं इथे पाच मिनिटं मंचावर आणि पुढचा तासभर प्रेक्षकांत असत, ही या जागेच्या लोकप्रियतेतली मोठी गोष्ट होती.

जुलै १९०७ मध्ये स्टीपलचेस जळून खाक झाला. दुसऱ्याच दिवशी टिल्यूनं पाटी लावली: नवा पार्क याहून मोठा होईल, तोवर जळके अवशेष बघायचे दहा सेंट. पुढच्याच वर्षी काच आणि पोलादाच्या भल्यामोठ्या मंडपाखाली पार्क पुन्हा उभा राहिला, म्हणजे आता पाऊस आला तरी जोडप्यांची सुट्टी वाया जाणार नव्हती.

तोवर शेजारी दोन मोठे प्रतिस्पर्धी आले होते. १६ मे १९०३च्या संध्याकाळी लूना पार्कचे दिवे लागले. अडीच लाख दिवे, ज्या काळात खुद्द न्यूयॉर्कच्या असंख्य घरांत वीज नव्हती. पहिल्याच रात्री चाळीस हजारांवर माणसं आली. फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी या जोडगोळीनं इथे खेळांपेक्षा देखाव्यांवर भर दिला. त्यांचा ‘चंद्राची सफर’ हा खेळ म्हणजे पंखांच्या विमानात बसायचं, भोवतीची रंगवलेली चित्रं सरकत जायची, पृथ्वी लहान होत जायची आणि शेवटी चंद्रावर उतरल्यावर तिथले बुटके रहिवासी हातावर चीजचा तुकडा ठेवायचे. खरा माणूस चंद्रावर उतरायला अजून सहासष्ट वर्षं होती.

१९०४च्या हंगामात याच लूना पार्कात हिंदुस्थान अवतरला. आदल्या वर्षीच्या जानेवारीत लॉर्ड कर्झननं दिल्लीत दरबार भरवला होता. त्याची नक्कल म्हणून दिल्लीचे रस्ते उभारले गेले आणि हत्ती-उंटांची मिरवणूक निघू लागली. ब्रुकलिनच्या कारखान्यात शिवणयंत्र चालवणाऱ्या मुलीनं आयुष्यात पाहिलेला हिंदुस्थान बहुधा हाच: अंबारी, छत्रं, राजे. ज्या देशात तो दरबार भरला तिथली माणसं काय खातात, काय सोसतात, हे त्या मिरवणुकीत कुठे दिसणार?

सर्वांत जीव गुंतवणारा खेळ मात्र खेळच नव्हता. लूना पार्कात पहिल्या वर्षापासून आणि १९०४ मध्ये उघडलेल्या ड्रीमलँड या दुसऱ्या प्रतिस्पर्धी पार्कातही, एका स्वच्छ इमारतीत काचेच्या उबदार पेट्या ओळीनं मांडलेल्या असत आणि त्यांत दिवस न भरता जन्मलेली, पसाभर आकाराची, खरीखुरी बाळं झोपलेली असत. पंचवीस सेंट देऊन लोक ती बघत. मार्टिन कूनी नावाच्या माणसाचा हा उद्योग. तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांत अशा बाळांसाठी पेट्या नव्हत्या आणि डॉक्टर त्यांची आशा सोडून देत. कूनी आईबापांकडून एक पैसाही घेत नसे. परिचारिका, अंगावर पाजणाऱ्या दाया, गरम हवा, सगळा खर्च बघ्यांच्या तिकिटांतून निघे. त्याच्याकडे वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा पुढच्या संशोधकांना मिळालेला नाही. पण त्याच्या हातून सुमारे साडेसहा हजार बाळं वाचली, असं मानलं जातं. त्याची स्वतःची मुलगीही वेळेआधी जन्मली आणि तीही याच पेटीत वाढली.

त्या काचेसमोर उभ्या राहिलेल्या जोडप्यांचा विचार करावा. बाहेर घोडे, पिंपं, हवेचे झोत. आत पाऊण-एक किलोचा जीव, त्याच्या छातीची धपापती हालचाल. काही बायका त्याच बाळाला बघायला पुन्हा पुन्हा येत. २७ मे १९११च्या पहाटे ड्रीमलँडला आग लागली. ‘नरकाचं दार’ नावाच्या खेळात डागडुजी चालू असताना उकळतं डांबर सांडलं आणि सकाळपर्यंत सगळा पार्क गेला. बाळं दगावल्याची बातमी आधी पसरली होती. ती खोटी ठरली. सगळी सुखरूप बाहेर काढली होती. कूनीनं कोनी आयलंडवरचं प्रदर्शन बंद केलं ते १९४३ मध्ये, न्यूयॉर्कच्या इस्पितळात अशा बाळांचा विभाग सुरू झाल्यावर.

या आनंदाच्या गावाला वेस होती, हेही सांगायला हवं. काळ्या माणसाला ती सहज ओलांडता येत नसे. कनाती फाडून डोकं बाहेर काढलेल्या काळ्या माणसाच्या तोंडावर चेंडू मारायचा ‘खेळ’ अमेरिकेच्या इतर जत्रांप्रमाणे इथेही चाले. स्टीपलचेसच्या पोहण्याच्या तलावात काळ्यांना मज्जाव होता. गोऱ्या कामगार मुलामुलींना शहरानं नाकारलेली जागा इथे मिळाली, आणि त्यांनीच ती दुसऱ्यांना नाकारली. कोनी आयलंडबद्दल कितीही जिव्हाळा वाटला तरी हा हिशेब वजा करता येत नाही.

१९२० मध्ये भुयारी रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली. शहराच्या कुठल्याही टोकाहून पाच सेंटांत समुद्र. नेथन हँडवर्कर आणि आयडा यांच्या टपरीवर हॉट डॉगही पाच सेंटांचाच. तीनशे डॉलरच्या बचतीवर १९१६ मध्ये सुरू झालेला तो धंदा आजही चालू आहे. रेल्वे आली त्याच वर्षी दीडशे फूट उंचीचं ‘वंडर व्हील’ फिरू लागलं. त्याच्या २४ डब्यांपैकी आठ जागेवर स्थिर, सोळा मात्र चाक फिरताना आतल्या वळणदार रुळांवरून सरकत. वर पोचल्यावर समुद्र दिसायला लागतो न लागतो तोच डबा सुटल्यासारखा घसरे आणि कडेला जाऊन झोके घेई. रोमानियातून आलेल्या चार्ल्स हर्मननं काढलेली ही रचना टिल्यूच्या घोड्याचीच नात होती.

मग वारं बदललं. मोटारी आल्या, लोक उपनगरांत गेले, किनाऱ्याची रया गेली. वॉल्ट डिस्नेला कोनी आयलंडसारख्या जागा गलिच्छ वाटत. त्याची बायको लिलियन हिलाही त्या आवडत नसत, आणि असलं काही कशाला बांधतोस, असं तिनं त्याला विचारलं होतं. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड त्यानं आईबाप आणि मुलं यांच्यासाठी बांधलं, प्रेमी जोडप्यांसाठी नव्हे. तरी त्याचा पहिला समारंभ कोणता होता? उद्घाटन १७ जुलै १९५५ला. त्याच्या चार दिवस आधी, १३ जुलैला, वॉल्ट आणि लिलियन यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पाहुणे बोलावले होते. आधी मार्क ट्वेन या बोटीतून फेरी, मग गोल्डन हॉर्सशू नाट्यगृहात खेळ. पाहुणे यायच्या आत बोटीवर धूळ आणि भुसा दिसला, तेव्हा लिलियननं बांधकामाचे प्रमुख जो फाउलर यांच्यासोबत हाती झाडू घेऊन बोट झाडली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध थीम पार्कची पहिली पाहुणी स्वतः झाडून मग सहलीला बसली.

स्टीपलचेस १९६४च्या हंगामानंतर बंद पडला आणि दोन वर्षांत पाडला गेला. मुंबईकरांना अशी पडझड परकी नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. खाडीवरची लाँच, वारा, आणि पलीकडे उंच पाळणे. ज्यांच्या घरात दाराला आतून कडी लावायची सोय नव्हती अशा कितीतरी नवविवाहितांनी एक अख्खा दिवस फक्त दोघांचा म्हणून काढला तो तिथेच. २०२२ मध्ये ते बंद झालं. गावाकडे जत्रेतला रहाटपाळणा अजून फिरतो, पण तो वर्षातून काही दिवस. शहरातल्या जोडप्याला कमी पैशात दिवस घालवता येईल अशी जागा एक बंद पडली की तिच्या बदल्यात दुसरी उघडत नाही, याची खंत करमणुकीच्या व्यापाराला नसली तरी शहराला असायला हवी.

आता वंडर व्हील. डेनोस वूर्डेरिस ग्रीसमधून आलेला, किशोरवयात जहाजावर काम केलेला आणि पुढे कोनी आयलंडवर हातगाडीवर हॉट डॉग विकणारा तरुण. १९४८ मध्ये त्यानं लूला नावाच्या मुलीला लग्नाचं विचारलं ते याच चाकापाशी. हो म्हणालीस तर हे चाक तुला घेऊन देईन, असं त्यानं तिला सांगितलं. ती हो म्हणाली. लग्न झालं, मुलं झाली, हातगाडीचं दुकान झालं. पस्तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, मालकानं चाक विकायला काढलं तेव्हा डेनोसनं अडीच लाख डॉलर मोजून ते विकत घेतलं आणि लूलाला लग्नाची भेट म्हणून दिलं. एस्सेलवर्ल्ड सुरू झालं त्याच १९८९ साली न्यूयॉर्क शहरानं त्या चाकाला वारसा वास्तूचा दर्जा दिला. २०२० मध्ये चाकाला शंभर वर्षं झाली, पण कोविडमुळे तो हंगाम चाकाविना गेला. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. ते आजही वूर्डेरिस कुटुंबच चालवतं.